साठा आणि शेजार

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वाण्याच्या दुकानाशी घटकाभर उभे राहिले, की गृहिणींचे दोन पंथ स्पष्ट ओळखू येतात. एक पंथ यादीवाल्यांचा. रवा, बेसन, साखर, गूळ, खोबरे, सारे एकदम पोत्यापिशव्यांनी घरी न्यायचे आणि डबे काठोकाठ भरायचे. दुसरा पंथ लागेल तसे आणणाऱ्यांचा. आज चकल्या, तर आज तीळ आणि ओवा; करंज्यांचे उद्या पाहू. पहिल्या पंथाच्या घरी ऐन वेळी काही कमी पडत नाही, पण शिमग्याच्या सुमारास बेसनाच्या तळाशी पोरकिडे सापडतात. दुसऱ्या पंथाच्या घरी जिन्नस नेहमी ताजा. मात्र सारण भाजायला घेतल्यावर खसखस संपल्याचे ध्यानात येते आणि मुलाच्या हाती वाटी देऊन त्याला शेजारी पिटाळावे लागते.

कोणता पंथ शहाणा, हा वाद स्वयंपाकघरापुरता असता तर त्यावर दिवाळी अंकाची पाने खर्चण्याचे कारण नव्हते. परंतु जगातले मोठमोठे कारखाने गेली शंभर वर्षे याच वादात गुंतलेले आहेत. त्यापायी कुणी कुबेर झाले, कुणाची गादी गेली आणि हजारो कामगारांच्या चुली कधी पेटल्या, कधी विझल्या. माझी उमेदीची काही वर्षे एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये गेली, म्हणून असेल कदाचित, पण मला या वादाची गोडी आहे. कारखान्यांचे इतिहास वाचावेत तर त्यांत यंत्रांची आणि मालकांची चरित्रे असतात. माल कुठून आला, किती दिवस पडून राहिला आणि तो नसता तर काय झाले असते, याची हकिकत एखाद्या तळटीपेत सापडली तर सापडते.

यादीवाल्या पंथाचा सर्वांत मोठा आचार्य म्हणजे हेन्री फोर्ड. १९०८ साली त्याने ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडण्याची युक्ती त्याने अमलात आणली. ज्या सांगाड्याच्या जोडणीला पूर्वी बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो दीड तासात तयार होऊ लागला. किंमत उतरत उतरत १९२४-२५ च्या सुमारास २६० डॉलरवर आली. हे सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नसते ते असे, की पट्टा जसजसा वेगाने धावू लागला तसतशी फोर्डला एकाच भुताने पछाडले: माल आला नाही तर? बाहेरच्या काचवाल्याने, पोलादवाल्याने किंवा रेल्वेने दगा दिला, तर ही सारी धावपळ जागच्या जागी थिजणार.

त्यावर त्याने काढलेला उपाय त्याच्या स्वभावाला शोभणारा होता. बाहेरच्यांवर अवलंबून राहायचेच नाही. डेट्रॉइटजवळ डिअरबॉर्न येथे रूज नदीच्या काठी १९१७ मध्ये त्याने एक कारखाना उभारायला घेतला आणि १९२८ मध्ये तो पुरा झाला. कारखाना कसला, ते एक संस्थानच होते. कोकच्या भट्ट्या त्याच्या, लोखंडाच्या भट्ट्या त्याच्या, पोलादाची गिरणी, काचेचा कारखाना आणि वीजघरही त्याचेच. आवाराच्या आतच सुमारे १६० किलोमीटरचे रेल्वेरूळ होते. मिशिगनच्या उत्तरेकडे लोखंडाच्या खाणी आणि लाकडाची जंगले, केंटकीत कोळशाच्या खाणी, खनिज वाहायला स्वतःची जहाजे आणि १९२० मध्ये विकत घेतलेली एक सबंध रेल्वे कंपनी. लाकूडकामातून उरलेल्या तुकड्यांचा आणि भुशाचासुद्धा कोळसा करून तो विकला जाई. आमच्या आजीने जुन्या लुगड्याची गोधडी केली, तशातलाच हा प्रकार. फरक काय तो मापाचा. खाणीतून खनिज निघाल्यापासून तयार मोटार मालगाडीच्या डब्यात चढेपर्यंत आपल्याकडे ८१ तास लागतात, असे फोर्डने १९२६ च्या आपल्या पुस्तकात मोठ्या अभिमानाने लिहिले आहे.

राहता राहिले रबर. ते ब्रिटिश आणि डच वसाहतींतून येई, आणि फोर्डला ते सोसेना. म्हणून १९२७ मध्ये त्याने ब्राझीलमध्ये तापाजोस नदीकाठची सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर जमीन मिळवली. आमचा रत्नागिरी जिल्हाही एवढा मोठा नाही! तिथे त्याने अमेरिकन धर्तीचे गाव वसवले, त्याला ‘फोर्डलँडिया’ नाव दिले आणि रबराची झाडे ओळीने, दाटीने लावली. जंगलात ती झाडे विखुरलेली असतात. दाटीने लावल्याबरोबर पानांवरचा करपा एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ लागला. मजुरांना अमेरिकन शिस्त आणि अमेरिकन जेवण मानवेना. १९३० च्या डिसेंबरात त्यांनी दंगा करून भोजनगृहाची मोडतोड केली. नदीच्या खालच्या अंगाला दुसरा मळा काढून पाहिला, तोही फसला. शेवटी १९४५ मध्ये कोट्यवधी डॉलर बुडवून ती जमीन अडीच लाख डॉलरांच्याही आतल्या रकमेत ब्राझील सरकारला परत देऊन टाकली.

फोर्डलँडियाची गोष्ट गमतीने सांगतात, पण मला तिच्यापेक्षा १९२७ चीच दुसरी एक घटना अधिक बोलकी वाटते. गिऱ्हाइकांना मॉडेल टी चा कंटाळा आला होता. जनरल मोटर्सची शेव्हरोले अधिक देखणी होती. मे महिन्यात, दीड कोटी गाड्या काढून झाल्यावर, फोर्डने ती मोटार बंद केली. आणि नवी ‘मॉडेल ए’ बाजारात यायला डिसेंबर उजाडला. मधले सहा महिने हजारो कामगार घरी बसून होते. खाणीपासून काचेपर्यंत सर्व काही एकाच गाडीच्या मापाने बेतलेले, एकाच धन्याच्या मालकीचे. वळायचे म्हटले तर सारे संस्थानच वळवावे लागले. स्वतःच्या घरात सर्व काही असण्याची ही किंमत आहे. कोठार भरलेले असते खरे, पण आपण कालच्या जेवणासाठी भरलेले असते.

न्यायाने बोलायचे तर ही किंमत कधी कधी नाइलाजाने मोजावी लागते. ज्याला शेजारच नाही त्याने काय करावे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना थाटला, तेव्हा आसपास सुटे भाग करून देणारा कुणी नव्हता. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून संस्थानातल्या जुन्या तोफा मिळवून त्या वितळवण्यात आल्या आणि त्यांचे नांगर झाले. पुढे पुण्यात टेल्कोचा कारखाना वसवताना सुमंत मुळगावकरांनी यंत्रे आणि साचे घरात बनवण्यावर भर दिला, तोही अशाच कारणाने. माळावर राहणाऱ्याला शेजार आधी तयार करावा लागतो. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या गल्ल्यांतून आज जे शेकडो लहान कारखाने दिसतात, तो अशा मोठ्या कारखान्यांभोवती हळूहळू जमलेला शेजारच होय.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू. त्याचा जन्म मोटारीच्या नव्हे, हातमागाच्या घरात झाला. साकिची टोयोडा हा एका जपानी सुताराचा मुलगा. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्याने तयार केला. १९२४ मध्ये पूर्णत्वाला गेलेल्या त्या मागाचे हक्क लँकेशायरमधल्या ओल्डमच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ मध्ये एक लाख पौंडांना घेतले. यंत्रविद्या शिकवणाऱ्या इंग्रजांनी जपानी सुताराच्या मुलाकडून माग घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३७ मध्ये मोटारींची कंपनी काढली. टोयोडा म्हणजे पिकाऊ भातखाचर. कंपनीचे नाव लिहायला सोपे म्हणून ‘टोयोटा’ ठेवले. हवा तो भाग हवा तेव्हाच यावा, आधीही नको नि नंतरही नको, ही कल्पना किइचिरोचीच. पण ती अमलात येण्याआधीच युद्ध आले.

युद्धानंतर जपान भिकेला लागला होता आणि टोयोटाही. १९४९ मध्ये मालाला उठाव नव्हता, तयार गाड्या पडून राहिल्या आणि पगार थकू लागले. बँकांनी कर्ज दिले ते अटी घालून. त्यांतली मुख्य अट अशी, की विक्रीची कंपनी वेगळी काढा आणि खपेल तेवढेच बनवा. १९५० च्या वसंतात संप झाला, दोन हजारांहून अधिक माणसांना नोकरी सोडावी लागली, आणि जूनमध्ये किइचिरोने स्वतः राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियात युद्ध पेटले, अमेरिकन लष्कराने ट्रकांची मागणी नोंदवली आणि कंपनी तरली. किइचिरो मात्र १९५२ मध्ये वारला. परतण्याचे ठरत असतानाच.

दुकान चालत नाही म्हणून नव्हे, तर माल साचला म्हणून घर बुडते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला साठ्याविषयी जन्माची धास्ती बसते. टोयोटातले ताइइची ओहनो हे असे गृहस्थ. त्यांच्या यंत्रशाळेत त्या काळी महिन्याचा पहिला पंधरवडा सुटे भाग जमवण्यात जाई आणि दुसऱ्या पंधरवड्यात एकच धांदल उडवून गाड्या जोडल्या जात. त्याच वर्षी किइचिरोचे चुलतबंधू एइजी अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहून आले. फोर्ड दिवसाला आठ हजार गाड्या काढत होता, टोयोटा चाळीस. त्याची नक्कल करणे म्हणजे चाळीत राहून राजवाड्याचा नकाशा पसरण्यासारखे होते.

ओहनोंनी धडा घेतला तो फोर्डच्या भट्टीपासून नव्हे, तर अमेरिकेतल्या किराणा दुकानापासून. तिथे गिऱ्हाईक फळीवरून आपल्या हाताने जिन्नस उचलते आणि जेवढी फळी रिकामी होते तेवढीच दुकानदार भरतो. ही रीत त्यांनी कारखान्यात आणली. सुट्या भागांच्या प्रत्येक खोक्यावर एक चिठ्ठी असे. तिला जपानीत ‘कानबान’ म्हणतात. खोके वापरायला घेतले की चिठ्ठी तो भाग करणाऱ्याकडे परत जाई आणि चिठ्ठीवर असतील तेवढेच नग तो करी. चिठ्ठी नाही, तर काम नाही. ज्यांच्या दारात सकाळी रतिबाच्या दुधाच्या बाटल्या येत असत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दाराबाहेर रिकाम्या बाटल्या दोन, तर भरलेल्या दोन.

पण यातली खरी मेख पैसे वाचवण्यात नाही. ती स्टोअर्सच्या माणसाला चटकन कळते. कोठारात धान्य गच्च भरलेले असले, की उंदरांनी कुठे बीळ केले आहे ते वर्ष-वर्ष दिसत नाही. कारखान्यात हजार नग शिल्लक असले, तर यंत्र वाकडे कापते आहे की अमुक पुरवठादार नेहमी उशीर करतो, याची कुणाला पर्वा नसते. शिल्लक मालातून भागते. साठा कमी केला की प्रत्येक दोष त्याच दिवशी ओरडू लागतो. साकिचीचा माग जसा तुटल्या धाग्याशी थांबे, तसा सबंध कारखाना थांबतो, आणि दोष दूर करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. टोयोटाच्या गाड्या टिकाऊ म्हणून जगभर गाजल्या, त्याचे एक कारण हे आहे.

यात दुखणेही आहे, आणि ते झाकून ठेवू नये. कोठार नाहीसे होत नाही. पुष्कळदा त्याचे ओझे लहान पुरवठादाराच्या अंगणात आणि कामगाराच्या पाठीवर जाऊन बसते. सातोशी कामाता या पत्रकाराने टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबून १९७३ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात त्या पट्ट्यापाशी माणूस कसा पिळून निघतो याचे वर्णन आहे. कारखान्यांच्या यशाच्या कथा सांगणारे हे पुस्तक सहसा उघडत नाहीत.

तरीही पुरवठादारांशी टोयोटाचे नाते केवळ पिळवणुकीचे होते असे मला वाटत नाही. फोर्डने जे पोटात घेतले, ते टोयोटाने शेजारी ठेवले. १९४९ मध्ये विजेच्या उपकरणांचे खाते वेगळे काढून त्याची डेन्सो कंपनी झाली. पुष्कळ पुरवठादार आइची प्रांतातच, ट्रकने तासा-दोन तासांच्या अंतरावर. दर वर्षी स्वस्त भाव देणाऱ्याच्या मागे धावायचे नाही. आपले इंजिनियर त्यांच्याकडे पाठवायचे, खर्च कमी करायला शिकवायचे आणि पुढच्या गाडीचे कामही त्यांनाच द्यायचे. कंपनी ज्या कोरोमो गावात होती, त्या गावाने १९५९ मध्ये आपले नावच ‘टोयोटा’ करून घेतले! हा शेजार कितपत खरा आहे, याची परीक्षा मात्र पुष्कळ पुढे झाली.

१ फेब्रुवारी १९९७, शनिवार. पहाट व्हायची होती. कारिया गावातल्या आयसिन सेइकी कंपनीच्या एक नंबरच्या कारखान्याला आग लागली. हे तेच कारिया, जिथे १९२६ मध्ये टोयोडांचा मागांचा कारखाना सुरू झाला होता. जळालेल्या विभागात मुठीत मावेल असा एक व्हॉल्व्ह बनत असे. ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांवरचा दाब बेताचा ठेवून गाडी घसरू न देण्याचे त्याचे काम. वस्तू अगदी स्वस्त. पण टोयोटाच्या जवळजवळ प्रत्येक गाडीत ती लागे आणि आयसिन ती इतकी चांगली नि स्वस्त करी, की शंभरांतले नव्याण्णव व्हॉल्व्ह तिथूनच येत. रोज ३२,५०० हून अधिक. शिल्लक किती होती? जोडणीच्या कारखान्यांत काही तासांपुरती, आणि वाटेतला माल धरून फार तर दोन-तीन दिवसांची.

मंगळवार-बुधवारपर्यंत जपानमधले टोयोटाचे जवळजवळ सर्व जोडणीपट्टे थांबले. लागेल तसे आणणाऱ्या पंथाची ही शोभा झाली, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले.

मग जे झाले ते ऐकण्यासारखे आहे. आयसिनने त्याच दिवशी मदतीची हाक दिली. व्हॉल्व्हचे नकाशे फॅक्सने चहूकडे गेले. अडचण अशी, की आयसिनची खास त्या कामापुरती बांधलेली यंत्रे जळून गेली होती आणि तशी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तेव्हा ज्याच्याकडे जे साधे यंत्र होते, त्यावर तो व्हॉल्व्ह कसा कापता येईल, हे प्रत्येकाने आपापल्या डोक्याने शोधले. साठाहून अधिक कंपन्यांनी व्हॉल्व्ह करायला घेतले; हत्यारे, यंत्रे आणि कच्चा माल पुरवणाऱ्या धरल्या तर सुमारे दोनशे कंपन्या कामाला लागल्या. डेन्सोने आपले नेहमीचे काम दुसऱ्यांकडे देऊन यंत्रे मोकळी केली. शिवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रदर कंपनीनेही, मोटारींचे भाग करण्याचा अनुभव नसताना, आपल्या यंत्रांवर व्हॉल्व्ह कापले. पैसे किती, नकाशाचा हक्क कुणाचा, यांवर त्या वेळी कुणी घासाघीस केली नाही. चार दिवसांच्या आत पहिले चांगले व्हॉल्व्ह हाती आले, आणि पुढच्या सोमवारपर्यंत, म्हणजे १० फेब्रुवारीच्या सुमारास, बहुतेक सर्व कारखाने पुन्हा चालू झाले. बुडालेल्या सुमारे सत्तर हजार गाड्यांची भरपाई पुढे जादा पाळ्या करून निघाली. आयसिनने मदत करणाऱ्यांचा खर्च भागवला, आणि टोयोटाने प्रमुख पुरवठादारांना त्या तिमाहीच्या विक्रीच्या एक टक्का रक्कम कृतज्ञता म्हणून वाटली.

हा निव्वळ परोपकार होता असे मी म्हणणार नाही. टोयोटा थांबली की त्या साऱ्यांचीच गिरणी थांबणार होती. पण स्वार्थ असला तरी शनिवारी रात्री उठून नकाशा हातात घ्यायला, आणि दर न विचारता यंत्र सुरू करायला, जुना घरोबा लागतो. वाटीभर खसखस शेजारी मिळते ती वर्षभर वाट्यांची ये-जा झालेली असते म्हणून. सहा महिन्यांचे व्हॉल्व्ह कोठारात ठेवले असते तर आग जाणवली नसती, हे खरेच. परंतु प्रत्येक गाडीत हजारो भाग असतात, आणि आग कशाला लागेल ते कुणी आधी सांगून ठेवत नाही.

त्याच १९९७ मध्ये किर्लोस्करांनी टोयोटाशी भागीदारी करून बंगळुरूजवळ बिडदीला मोटारींच्या कारखान्याची तयारी सुरू केली. तोफा वितळवून नांगर करणाऱ्यांच्या घराण्यात कानबानची चिठ्ठी अशी आली.

टोयोटाचा पंथ त्यानंतर तसाच राहिला असे मात्र नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने ईशान्य जपान उद्ध्वस्त केला. या वेळी आग एका गावात नव्हती. शेजारचे शेजारीही बुडाले होते. इबाराकी प्रांतातला रेनेसास कंपनीचा मायक्रोचिपचा कारखाना बंद पडला. चिप काही कुणाला आपल्या लेथवर कापून देता येत नाही. टोयोटाला पूर्वपदावर यायला कित्येक महिने लागले. त्यानंतर कंपनीने पुरवठादारांच्या पुरवठादारांचीही नोंद करायला घेतली, आणि ज्या वस्तू घडायला वेळ लागतो अशा चिपसारख्या मालाचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. लागेल तसे आणणाऱ्या गृहिणीने एका डब्यापुरती यादीवाल्यांची दीक्षा घेतली म्हणायची.

त्याचा पडताळा दहा वर्षांनी आला. करोनाच्या साथीनंतर जगभर चिपचा दुष्काळ पडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये फोर्ड कंपनीला आपल्या सर्वाधिक खपाच्या ट्रकांच्या पाळ्या कमी कराव्या लागल्या. आणि त्या पाळ्या डिअरबॉर्नच्या होत्या, त्याच रूज नदीच्या काठच्या, जिथे कधी काळी खनिजापासून काचेपर्यंत सारे घरचे होते. टोयोटाचे काम तेव्हा चालू होते. त्या वर्षी अमेरिकेतल्या विक्रीत टोयोटाने जनरल मोटर्सला मागे टाकले. १९३१ पासून तो मान दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता. अर्थात डब्यातले तेही संपायचेच. सप्टेंबर २०२१ चे उत्पादन टोयोटाला ठरल्यापेक्षा चाळीस टक्क्यांनी कमी करावे लागले.

आणि १ मार्च २०२२ रोजी टोयोटाचे जपानमधले चौदाच्या चौदा कारखाने एक दिवस बंद राहिले. भूकंप नव्हता, आग नव्हती, चिपही होत्या. गाडीच्या आतले प्लास्टिकचे भाग करणाऱ्या एका पुरवठादाराच्या संगणकांवर कुणी हल्ला केला होता, आणि चिठ्ठ्यांचा व्यवहार आता त्या संगणकांवरूनच चालत होता. भाग तयार होते. किती पाठवायचे, ते सांगणारे कुणी नव्हते. दुसऱ्या दिवशी पट्टे पुन्हा सुरू झाले.